घरची ध्वनिशाळा

जुन्या घरांत तिजोरी असते, देव्हारा असतो, दस्तऐवजांची पेटी असते आणि फोटोंची एखादी जाड वहीहि असते. दागिना हरवला तर सारें घर उलथेंपालथें होतें. पण घरांतील एखादा आवाज कायमचा हरपला तर तो शोधावयास कोणी निघत नाहीं, कारण तो कोठें ठेवलेलाच नसतो. आजोबांची सही आपल्यापाशीं असते, आजीची नथ असते. तिची ओवी मात्र तिच्याबरोबरच गेलेली असते. ही हानि आजच्या काळीं अटळ राहिलेली नाहीं. ज्या संगणकावर मुलें अभ्यास करतात व घरांतील कर्तीं माणसें हिशेब ठेवतात, त्याच संगणकाच्या साह्यानें एखाद्या लहानशा खोलींत उत्तम ध्वनिमुद्रण करतां येतें. तें कसें साधावें आणि बिघडलें तर दोष कसा हुडकावा, हें घरच्या अनुभवाच्या आधारें वाचकांपुढें ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

आवाज उरणें आणि न उरणें यांत केवढें अंतर आहे, याचीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव यांसारख्या शिष्यांच्या गळ्यांतून त्यांची विद्या महाराष्ट्रानें ऐकली. खुद्द बुवांचें गाणें मात्र ऐकण्याची आज सोय नाहीं. उलट संत गाडगे महाराजांनीं २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीनजीक वलगांवापाशीं देह ठेवला. पण त्यांच्या कीर्तनाचें ध्वनिमुद्रण उरल्यामुळें त्यांची अस्सल वऱ्हाडी बोली आणि श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढण्याची हातोटी आजच्या मुलांनाहि ऐकावयास मिळते.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां कर्ण्यांत तोंड घालून सुमारें तीन मिनिटांत राग आटोपावा लागे. तें सामर्थ्य परदेशी कंपनीच्या हातीं होतें. कोणाचा आवाज ठेवावयाचा आणि कोणाचा नाहीं, हेंहि तीच ठरवी. पुढें पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनीं गांवोगांव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, व बर्नार्ड बेल यांच्या संगणकविद्येचें साह्य त्या कार्यास लाभलें. केवढें तरी हें काम! पण त्या संग्रहांत आपल्या घरची आजी असेलच असें नाहीं. तिची काळजी आपणच घेतली पाहिजे.

आमच्या घरीं ही बुद्धि जरा उशिरां सुचली. आमच्या आत्याबाई अकोल्यास असतात. वय ऐंशीच्या पुढें. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडांत भुलाबाई बसते, तिचीं गाणीं त्यांना जितकीं येतात तितकीं आमच्या नात्यांत दुसऱ्या कोणाला येत नाहींत. एका मे महिन्यांत आमच्या पुतण्यानें तीं खिशांतल्या फोनवर उतरवून घेतलीं. घरीं येऊन ऐकतों तों आत्याबाई दूर, आणि कूलर जवळ! अकोल्याच्या उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो. तेव्हां कूलर बंद करा असें म्हणण्याचा धीर कोणालाच झाला नव्हता. त्या दिवशीं मुलांनीं ठरविलें कीं हें काम नीट शिकूनच करावयाचें.

जागा आणि वेळ

प्रथम खोली निवडावी, यंत्रें मागाहून. खोलीच्या मध्यभागीं उभें राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून तारेसारखा झणत्कार उमटला, तर समजावें कीं समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे चेंडूसारखा फेकीत आहेत. मायक्रोफोनला हा झणत्कार ऐकूं येतोच. मग महागड्या यंत्रानेंहि तो पुसतां येत नाहीं.

यावरचा उपाय आपल्या वऱ्हाडांत घरोघर आहे: कापूस. कापसाच्या तंतूंतून हवा हेलकावे खाऊं लागली म्हणजे घर्षणानें तिचा वेग मंदावतो व ध्वनीची शक्ति अत्यल्प उष्णतेंत विरून जाते. दोन जाड गाद्या भिंतीला टेकवून न ठेवतां वीतभर अंतरावर उभ्या कराव्या. कारण भिंतीच्या अगदीं लगत हवा जवळजवळ हलतच नाहीं, आणि जेथें हलत नाहीं तेथें कापूस तरी काय थोपविणार? पातळ पडद्यानें फक्त तीव्र स्वर मऊ होतात, खर्ज तसाच घुमत राहतो. लोखंडी कपाट, पितळेचीं भांडीं व काचेच्या तसबिरी खोलींतून हलवाव्या; गाणारानें विशिष्ट सूर लावतांच त्या साथ देऊं लागतात.

लांबीचाहि विचार करावा. वीस अंश उष्णतेच्या हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. सव्वाअकरा फूट, म्हणजे ३.४३ मीटर लांबीच्या खोलींत ५० हर्ट्झचा खर्ज दोन भिंतींमध्यें कोंडून फुगतो. आपल्या घरच्या विजेची कंपनसंख्याहि नेमकी ५० आहे. म्हणून विजेचा गुणगुणाट अशा खोलींत अधिकच ठळक ऐकूं येतो. चौरस खोली टाळावी, आणि गाणाराला नेमकें मध्यावर बसवूं नये.

वेळ पहाटेची. त्या वेळीं कूलर लागत नाहीं, रस्ता निजलेला असतो, आणि जात्यावरची ओवी मुळांत पहाटेचीच आहे! पंखा बंद करून वीस मिनिटें गावें, मग पंखा लावून चहा घ्यावा, पुन्हां बसावें. वृद्ध माणसाला एका बैठकींत याहून अधिक शिणवूं नये.

साहित्य

साहित्य फार लागत नाहीं. मायक्रोफोन, त्याची तार, ऑडिओ इंटरफेस नांवाची लहान पेटी, कान झांकणारे हेडफोन आणि संगणक, एवढ्यांत आरंभ होतो. इंटरफेसचें काम असें कीं मायक्रोफोनमधून येणारी क्षीण विद्युत् लहर ती मोठी करते, तिचें अंकांत रूपांतर करते व यूएसबीच्या तारेनें संगणकाच्या स्वाधीन करते.

मायक्रोफोन दोन जातींचे. कंडेन्सर जातीचा अतिशय सूक्ष्म ऐकतो. त्याला इंटरफेसकडून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि इंटरफेसवर त्याचें स्वतंत्र बटण असतें. तंबोऱ्याची जवारी किंवा हळू गळ्याची अंगाई त्यानेंच टिपावी. डायनॅमिक जातीला हा पुरवठा लागत नाहीं, तो सोशिक असतो व दूरचे आवाज कमी घेतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळें वऱ्हाडांत घरोघर पोंचलेली खंजिरी, किंवा टाळ-ढोलकी यांसाठीं, तसेंच रहदारीच्या रस्त्यावरील घरासाठीं, डायनॅमिकच बरा.

तोंड आणि मायक्रोफोन यांत वीत-दीड वीत अंतर असावें. फार जवळ गेल्यास आवाज अकारण भारदस्त होतो. प, फ, भ हीं अक्षरें उच्चारतांना तोंडांतून वाऱ्याचा झोत निघतो व मुद्रणांत धप्प असा आघात उमटतो. त्यासाठीं बाजारांत जाळी मिळते. आमच्या सूनबाईंनीं भरतकामाच्या गोल कडींत पातळ मलमल ताणून ती मध्यें उभी केली, आणि काम बिनखर्चांत झालें. मायक्रोफोनला इंटरफेसशीं जोडणारी तार तीन टांकांच्या गोल तोंडाची असावी. तींत एकच आवाज उलट-सुलट असा दोन तारांतून जातो व वाटेंत शिरलेला गुणगुणाट शेवटीं एकमेकांस मारून टाकतो.

मुद्रणाचा कार्यक्रम म्हणून ऑडॅसिटी हा विनामूल्य मिळतो आणि घरच्या कामास पुरतो. अनेक वाद्यें स्वतंत्र पट्ट्यांवर घेऊन पुढें जुळवावयाचीं असतील तर रीपर किंवा आर्डर पाहावा.

मापें

ध्वनीचे अंक करावयाचे म्हणजे त्याची सेकंदाला हजारों वेळां मोजणी करावयाची. माणसाच्या कानाला सुमारें २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकूं येतात, आणि सर्वांत तीव्र स्वराच्या दुपटीहून अधिक वेळां मोजणी झाली तर कांहींच निसटत नाहीं. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं सेकंदाला ४४,१०० मोजण्या व प्रत्येकीस १६ बिट असें प्रमाण ठरलें. घरीं ४८,००० मोजण्या व २४ बिट ठेवावे. एका तासाच्या एकेरी मुद्रणास सुमारें ५१८ मेगाबाइट जागा लागते. आजच्या मानानें ती कांहींच नव्हे.

आवाजाची पातळी हा नवशिक्यांचा पहिला खड्डा होय. मापकाचें शून्य म्हणजे भांड्याचा कांठ. त्यापुढें गेलेली लहर वरून कापली जाते, आणि ती कशानेंहि पूर्ववत् होत नाहीं. गाणाराला सर्वांत मोठ्यानें गावयास सांगून पातळी उणें बारा डेसिबलच्या आसपास ठेवावी. २४ बिटांत आवाज थोडा हळू घेतला तरी मागून वाढवितां येतो; कापला गेलेला मात्र जोडतां येत नाहीं.

बिघाडांचा शोध

आतां दोषांकडे वळूं. एक नियम प्रथमच सांगून ठेवतों: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार तारा एकदम उपसल्या आणि दोष गेला, तर कारण कळत नाहीं व उद्यां तो दोष परत येतो.

पहिला दोष, आवाजच न येणें. मायक्रोफोनपासून संगणकापर्यंत पाटाच्या पाण्यासारखें क्रमानें पाहत जावें. तार घट्ट बसली आहे काय? कंडेन्सरला ४८ व्होल्टचें बटण दिलें आहे काय? इंटरफेसवरचा दिवा बोलतांना लुकलुकतो काय? लुकलुकत असल्यास दोष पुढें, संगणकांत आहे. तेथें मुद्रणासाठीं इंटरफेसऐवजीं संगणकाचा स्वतःचा मायक्रोफोन निवडलेला असणें, किंवा कार्यक्रमाला मायक्रोफोन वापरण्याची परवानगीच दिलेली नसणें, हीं दोन कारणें नेहमींचीं.

दुसरा दोष, गुणगुणाट. यानें आमचे तीन आठवडे खाल्ले. लॅपटॉपची चार्जरची तार काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावें. गुणगुणाट थांबला तर तो विजेच्या वाटेनें येत आहे. आमच्या खोलींत असें निघालें कीं भिंतींतील तीन छिद्रांच्या फळीला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. जुन्या घरांत असें पुष्कळदां आढळतें. जाणत्या वायरमनकडून ती जोडून घेतली आणि घरांतला गुणगुणाट मावळला. कांहीं लोक अर्थिंगची पिनच कापून टाकण्याचा सल्ला देतात. तो ऐकूं नये. त्यानें आवाज थांबेलहि, पण जिवावर बेतेल. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मंद करतां येणारे दिवे हेहि गुणगुणतात. भारनियमनाच्या वेळीं साधा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर चालूं असल्यास मुद्रण बॅटरीवरच करावें.

या दोषाची एक गमत सांगण्याजोगी आहे. विजेच्या गुणगुणाटांत १०० हर्ट्झचा स्वर असतो. पांढरी पांचचा खर्ज षड्ज ९८ हर्ट्झ. म्हणजे ज्याची पट्टी पांढरी पांच, त्याचा तंबोरा कितीहि जुळविला तरी सेकंदाला दोनदां हेलकावतो आहे असा भास होतो. तंबोऱ्याला दोष देण्यापूर्वीं भिंतीकडे पाहावें!

तिसरा दोष, चटचट आवाज किंवा मध्येंच तुटणें. संगणक ध्वनीचे अंक पळ्यापळ्यानें उचलतो. त्या पळीला बफर म्हणतात. पळी लहान आणि संगणक दुसऱ्या कामांत गुंतलेला, असें झालें कीं सांडलवंड होते. बफर वाढवावा, इतर कार्यक्रम व वायफाय बंद करावे, इंटरफेस जोडपेटींतून न लावतां थेट संगणकास लावावा, आणि विंडोजवर इंटरफेसच्या निर्मात्यानें दिलेला एसिओ ड्रायव्हर वापरावा. उन्हाळ्यांत तापलेला संगणक आपली गति आपणच कमी करतो, त्यामुळेंहि चटचट होते. त्याच्या पंख्यांतील धूळ झाडावी व खालीं गादी न ठेवतां लांकडी पाट ठेवावा.

चौथा दोष याच्या उलट: आपला आवाज हेडफोनमध्यें उशिरां येणें. ४८,००० मोजण्यांना २५६ चा बफर ठेवला तर एका वाटेस सुमारें ५.३ सहस्रांश सेकंद लागतात. सहा फुटांवर बसलेल्या तबलजीचा आवाज येण्यास लागतो तेवढाच हा वेळ, म्हणून तो खटकत नाहीं. १०२४ चा बफर म्हणजे तबलजी चोवीस फुटांवर. जाणें-येणें दोन्हीं धरलें तर तो ओसरीबाहेर गेला म्हणावयाचा! यास्तव गातांना बफर लहान, नंतरच्या जुळवाजुळवीस मोठा. किंवा इंटरफेसवर संगणकास वगळून थेट ऐकविणारें बटण असतें, तें दाबावें.

पांचवा दोष आम्हांला हसवून गेला. एके दिवशीं आत्याबाईंचा आवाज एकाएकीं वीस वर्षांनीं तरुण झाला. पेटीवर लावून पाहिलें तों काळी चारचा षड्ज पांढरी सहा आणि काळी पांच यांच्या मध्यें लोंबकळत होता. कारण एवढेंच कीं मुद्रण ४४,१०० नें झालें होतें आणि संगणक तें ४८,००० समजून वाजवीत होता. कार्यक्रम व इंटरफेस यांचीं मापें एकच आहेत ना, हें दर खेपेस पाहावें.

जतन

ज्या दोषाला उपाय नाहीं तो शेवटीं सांगतों, आणि तो सांगण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

पहिल्या कोजागिरीस आत्याबाई अमरावतीस आमच्याकडे आल्या होत्या. भुलाबाईचीं अकरा गाणीं आम्हीं पहाटे निवांत मुद्रित केलीं. गुणगुणाट नाहीं, चटचट नाहीं. सारीं एकाच हार्ड डिस्कवर ठेवलीं आणि समाधानानें निजलों. माघांत ती डिस्क बंद पडली. जाणत्यांकडे नेली, कांहीं हातीं लागलें नाहीं. पुढल्या कोजागिरीस पुन्हां बसलों. आत्याबाईंनीं सात गाणीं म्हटलीं. उरलेल्या चारांच्या पहिल्या ओळी त्यांना आठवल्या, पुढचें आठवेना. "मागल्या खेपेस म्हटलीं होतीं नं मी?" त्या म्हणाल्या. आम्हीं मान हलविली. डिस्क गेल्याचें त्यांना सांगण्याचें धैर्य आजतागायत कोणाला झालेलें नाहीं.

म्हणून, मुद्रण झालें त्याच दिवशीं त्याच्या तीन प्रती कराव्या. दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गांवीं. आमची आतां एक प्रत अमरावतीस, एक अकोल्यास आणि एक दूरच्या साठवणसेवेवर असते. मूळ मुद्रण वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपांत ठेवावें; एमपी-थ्री करतांना कांहीं भाग कायमचा टाकून दिला जातो, म्हणून ती केवळ नातलगांस पाठविण्यापुरती. फाइलीच्या नांवांत गाणाराचें नांव, गांव, तारीख व गाण्याचा पहिला शब्द असावा, आणि सोबत वहींत शब्द लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनीं वऱ्हाडी शब्दांचा अर्थ सांगणारें कोणी घरांत असेलच असें नाहीं. वर्षांतून एकदां सर्व प्रती उघडून ऐकाव्या. आणि गाणाराची संमति घेतल्याशिवाय एकहि गाणें घराबाहेर धाडूं नये. आवाज घराचा असला तरी तो आधीं तिचा आहे.

दुसऱ्या खेपेचें मुद्रण संपल्यावर आम्हीं आत्याबाईंच्या कानांवर हेडफोन चढविले. आपला आवाज आपण हवेंतून ऐकतों तसाच कवटीच्या हाडांतूनहि ऐकतों, म्हणून तो आपल्याला खर्जाचा वाटतो. यंत्रांत तो वेगळाच, थोडा बारीक लागतो. बहुतेकांना तो आवडत नाहीं. आत्याबाई मात्र स्तब्ध बसल्या. मग हेडफोन किंचित् दूर करून म्हणाल्या, "अगबाई, हा तर माझ्या आईचा आवाज!"

त्यांच्या आईला जाऊन साठ वर्षें झालीं होतीं. घरांत तिचा एकुलता एक फोटो आहे, तोहि पुसट. गाणें संपलें तेव्हां त्यांनीं तें पुन्हां लावावयास सांगितलें.